स्टोमार्केटला गुलाल नसतो

कोल्हापूरच्या माणसाला निवडणूक कुठली का असेना, निकाल ऐकल्याशिवाय जेवण जात नाही. कारखान्याची असो, दूध संघाची असो, तालमीच्या कार्यकारिणीची असो नाहीतर सोसायटीच्या चेअरमनची, आकडे पाहिजेत म्हणजे पाहिजेत, आणि ते पण बूथवाईज, कोण कुठं घसरला, कुणी कुणाला आतून मदत केली, सगळं. २०२६ च्या जानेवारीत आमच्या महापालिकेचा निकाल लागला, १६ तारखेला, पेठेत दोन दिवस हलगी थांबली नाही, आणि त्याच धामधुमीत मावसबहिणीचा म्हणजे ताईचा व्हिडिओ कॉल आला इंग्लंडवरून. तिला हालहवाल विचारायच्या आधी मामांनी फोन हातातून काढून घेतला आणि विचारलं, तुमच्यातली निवडणूक कशी असती गं? तिथून जे सुरू झालं ते अजून कट्ट्यावर चालूच आहे.

ताई आणि दाजी सफोक परगण्यात स्टोमार्केट नावाच्या गावात राहतात. लंडनहून नॉर्विचला जाणारी रेल्वे तिथं थांबते. आजूबाजूला सपाट शेती, गहू, बार्ली आणि बीट. बीट म्हणजे साखरेचं, जवळच बरी सेंट एडमंड्सला बिटाचा मोठा साखर कारखाना आहे. हे ऐकल्यावर मामांचा पहिला प्रश्न, कारखान्याची निवडणूक कधी असते? नसते म्हणाली ताई, कंपनीचा आहे. मामांचा इंग्लंडबद्दलचा आदर तिथंच निम्मा झाला.

तर गोष्ट आहे मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निकालाची, मे २०२३ ची. जुनी आहे, पण मी तेव्हापासून ती डोक्यात घेऊन बसलोय कारण त्या निकालात लै मजा आहे. ४ मे २०२३ ला इंग्लंडमध्ये २३० कौन्सिलांचं मतदान झालं, आठ हजारांवर जागा, आणि बातम्यांमध्ये सगळा दंगा होता तो कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीनं हजारावर जागा घालवल्या याचा, ऋषी सुनक तेव्हा पंतप्रधान, त्यामुळं आपल्याकडच्या चॅनेलवाल्यांनी पण जरा दाखवलं. पण कोपऱ्यात एक बारकी बातमी होती की मिड सफोकमध्ये ग्रीन पार्टीला ३४ पैकी २४ जागा मिळाल्या. ग्रीन पार्टीला स्वतःच्या जिवावर बहुमत मिळालेलं इंग्लंडमधलं पहिलं कौन्सिल. कॉन्झर्व्हेटिव्ह ६, लिबरल डेमोक्रॅट ४, लेबर शून्य. आणि हे कुठं, तर ट्रॅक्टरवाल्या, चर्चवाल्या, पिढ्यान्पिढ्या कॉन्झर्व्हेटिव्हच्या निळ्या झेंड्याच्या खेड्यापाड्यांत. म्हणजे समजा कागलमध्ये एखाद्या पर्यावरणवाल्या पक्षानं पंचायत समिती मारली तर काय होईल तसं.

आता हे डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर मामांसारखं तुम्ही पण मध्येच थांबवणार. वर काऊंटी कौन्सिल, तिच्याकडं रस्ते, शाळा, लायब्ररी, म्हाताऱ्या माणसांची देखभाल. मध्ये डिस्ट्रिक्ट, तिच्याकडं कचरा उचलणं, बांधकाम परवाने, घरांचं बघणं आणि कौन्सिल टॅक्सचं बिल पाठवणं. खाली पॅरिश, गावापुरतं. आपली झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत जशी तीन मजली आहे तशीच साधारण. बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं पण त्यातले बरेचसे पैसे जातात काऊंटीला, त्यामुळं शिव्या एकाला आणि पैसे दुसऱ्याला अशी सोय तिथंही आहे. प्रचारात खड्ड्यावर भाषण ठोकायचं आणि निवडून आल्यावर रस्ता आमच्याकडं येत नाही म्हणायचं, हे पण तिथं चालतं म्हणे. आणि गंमत म्हणजे मिड सफोकचं ऑफिस मिड सफोकमध्ये नाहीच, ते इप्सविच शहरात आहे, हद्दीच्या बाहेर, काऊंटीच्याच बिल्डिंगमध्ये. आपल्या करवीर तालुक्याची कचेरी जशी कोल्हापुरात.

लोकसंख्या साधारण लाखभर आणि मेंबर ३४. म्हणजे तीन हजार माणसांमागं एक. आमच्या कोल्हापूरची २०११ च्या जनगणनेला साडेपाच लाखांच्या आसपास आणि नगरसेवक ८१, म्हणजे पावणेसात हजारांना एक, ते पण जुन्या आकड्यानं, आज जास्तच. शिवाय आता आपल्याकडं चार-चार जणांचा प्रभाग केलाय, त्यामुळं माझा नगरसेवक नक्की कोण हे विचारलं तर चौघं एकमेकांकडं बोट दाखवणार हे मी आजच लिहून ठेवतो.

बरं हे ग्रीनवाले एका रात्रीत नाही जिंकले. २०१९ ला त्यांच्या १२ जागा होत्या, कॉन्झर्व्हेटिव्हच्या १६, कुणालाच बहुमत नाही. त्याच्या आधी अजून कमी. ताई म्हणते निवडणूक नसताना पण त्यांचे लोक दारात यायचे, पत्रकं टाकायचे, कुठं नवीन स्कीम येतेय, कुठं बस बंद झाली, असलं सगळं. क्लायमेट चेंजवर लेक्चर कुणी देत नव्हतं. मला हा मुद्दा लै महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं एखादी चळवळवाली पार्टी उभी राहते तेव्हा जाहीरनाम्यात आख्खं जग बदलतात आणि गल्लीतल्या गटारीचा विषय निघाला की म्हणतात तो किरकोळ प्रश्न आहे. मग पडतात, डिपॉझिट घालवतात आणि जनतेला दोष देतात.

आणि त्याच दिवशीचा उलटा निकाल बघा. ब्रायटन म्हणजे ग्रीन पार्टीचा बालेकिल्ला, समुद्रकाठचं शहर, २०११ ला पहिल्यांदा तिथंच त्यांनी कौन्सिल चालवायला घेतलं होतं, बहुमत नसताना का होईना. मे २०२३ ला तिथं ते २० वरून ७ वर आले आणि लेबरनं ५४ पैकी ३८ घेतल्या. कारणं बरीच असतील, पण त्यांच्या काळात २०२१ ला कचरा गाड्यांचा संप झाला होता आणि रस्त्यावर पिशव्यांचे ढीग लागले होते, ते लोक विसरले नव्हते. पर्यावरणाच्या पक्षाला कचऱ्यानं पाडलं! एकच पार्टी, एकच दिवस, खेड्यात गुलाल आणि शहरात सुतक. (गुलाल आपला म्हणायला, तिथं गुलाल नसतो. त्यावर येतो पुढं.) कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा डोंगर ज्यांनी बघितलाय त्यांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

मिड सफोकचा अजून एक विषय म्हणजे विजेचे टॉवर. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत हाय टेन्शन लाईन टाकायची योजना आहे, मोठाले मनोरे, आणि ती ह्या शेतांतनं जाणार. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज न्यायला लाईन पाहिजे, म्हणजे खरं तर ग्रीनवाल्यांनी नाचायला पाहिजे, पण तिथले ग्रीनवाले म्हणाले टॉवर नको, दुसरा मार्ग बघा. त्यांच्यावर टीका पण झाली जोरात, की दिल्लीत एक आणि गल्लीत एक. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. पण शक्तिपीठ महामार्गाच्या वेळी आमच्या जिल्ह्यात काय झालं ते आठवा. रस्ता पाहिजे सगळ्यांनाच, पण माझ्या बागायती उसातनं नको, आणि ज्यानं कुणी हे ऐकून घेतलं त्याच्या मागं गावंच्या गावं गेली. नेत्यांना पण भूमिका बदलावी लागली, विधानसभेच्या तोंडावर ऑक्टोबर २०२४ ला कोल्हापूरपुरती अधिसूचना रद्द करावी लागली, आणि निवडणूक झाल्यावर विषय परत वर आला तो आलाच. जमिनीचा विषय निघाला की सफोकचा शेतकरी आणि शिरोळचा शेतकरी एकाच सुरात बोलतो, फक्त सफोकवाला आवाज चढवत नाही.

आता मतदान. ताईकडं भारताचा पासपोर्ट आहे, ब्रिटिश नाही, तरी ती मत देते. हे ऐकून कट्टा गप्पच झाला. राष्ट्रकुल देशांतल्या नागरिकाला, म्हणजे आपल्याला, तिथं राहायची परवानगी असेल तर मतदार यादीत नाव घालता येतं, कौन्सिलला पण आणि पार्लमेंटला पण. जुन्या साम्राज्याचा हिशोब आहे तो, दीडशे वर्षं राज्य केलं त्याबदल्यात एक मत, घ्या म्हणाले. आणि २०२३ च्या त्या निवडणुकीपासूनच इंग्लंडमध्ये फोटो ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं, त्याच्या आधी नुसतं नाव सांगितलं की मतपत्रिका हातात! आपल्याकडं असलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करून मामा पाच मिनिटं हसत होते. तर त्या ओळखपत्रांच्या यादीत राष्ट्रकुल देशांचा पासपोर्ट पण चालतो, म्हणजे ताईनं आपला निळा अशोकस्तंभवाला पासपोर्ट दाखवून स्टोमार्केटचा मेंबर निवडला. त्या दिवशी साधारण १४ हजार लोकांना इंग्लंडभर ओळखपत्राअभावी मत न देता परत जावं लागलं, त्यांत तिथंच जन्मलेले गोरे कितीतरी असतील.

सकाळी सात ते रात्री दहा मतदान. ईव्हीएम नाही, कागद. बोटाला शाई नाही. बूथमध्ये दोरीला बांधलेली पेन्सिल, तिनं नावापुढं फुली मारायची. पेन्सिल म्हटल्यावर आमचा गण्या उठून उभाच राहिला, ओ पेन्सिल म्हणजे, खोडरबर मारलं तर? हीच शंका तिथल्या पण काही लोकांना येते, ते घरनं पेन घेऊन जातात, आणि ते चालतं. फुलीच्या जागी कुणी टिक केली, हसरा चेहरा काढला तरी मतदाराला काय म्हणायचंय ते स्पष्ट असेल तर मत धरतात. शंका असलेली मतपत्रिका सगळ्या पार्ट्यांच्या प्रतिनिधींना दाखवतात, मान्य का, मान्य, पुढं. नोटा नाही तिथं. राग आला तर मतपत्रिकेवर लिहा काय लिहायचं ते, ती रद्द होते आणि रद्द किती ते पण जाहीर करतात.

काही वॉर्डात एक मेंबर, काही वॉर्डात दोन. दोन असतील तर दोन फुल्या, पण आपल्यासारखं अ ब क ड नाही, आरक्षण नाही काही, सगळ्यात जास्त मतं मिळालेले पहिले दोघं निवडून. आरक्षण नसल्यामुळं भानगड कमी असं आमच्यातलं एकजण म्हणालं, त्याला माझ्या बायकोनं लगेच गप्प केलं. आपल्याकडं २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत म्हणून ८१ जणांच्या सभागृहात बायका दिसतात तरी, नाहीतर पेठेतनं कुठल्या बाईला तिकीट दिलं असतं सांगा. नवराच कारभार बघतो ही गोष्ट वेगळी, ती पण हळूहळू बदलतेय.

मतं सारखी पडली तर? चिठ्ठी! हे एका ठिकाणी अगदी सेम टू सेम निघालं. २०१७ ला नॉर्थम्बरलँडमध्ये साऊथ ब्लाईथ वॉर्डात बरोबरी झाली आणि काड्या ओढून निकाल लावला, लिबरल डेमोक्रॅट जिंकला आणि त्या एका काडीमुळं कॉन्झर्व्हेटिव्हचं काऊंटीतलं बहुमत हुकलं. त्याच वर्षी मुंबई महापालिकेत पण २२० नंबरच्या वॉर्डात बरोबरी झाली होती आणि ईश्वरचिठ्ठीनं शिवसेनेचा उमेदवार पडून भाजपचा आला होता. लंडनचं राजकारण काय आणि लालबागचं काय, शेवटी चिठ्ठीच. ग्रामपंचायतीला तर आपल्याकडं दरवेळी कुठं ना कुठं हे होतंच.

आणि निकाल जाहीर करायची पद्धत. ताईनं सांगितलं की उमेदवार कोटावर रंगीत रिबिनीचं फूल लावून हॉलमध्ये उभे असतात, लेबरचं लाल, कॉन्झर्व्हेटिव्हचं निळं, लिब डेमचं पिवळं, ग्रीनचं हिरवं. अधिकारी सगळ्यांची मतं एका सुरात वाचून दाखवतो, टाळ्या वाजतात, हरलेला जाऊन हात मिळवतो, आणि मग सगळे आपापल्या घरी जातात. घरी! जेसीबीतनं फुलं नाहीत, मिरवणूक नाही, हरलेल्याच्या दारात जाऊन फटाके नाहीत. मामा म्हणाले मग जिंकून उपयोग काय? मी हसलो पण खरं सांगू का, मलाही जरा तसंच वाटलं. मतमोजणी केंद्राबाहेर फेरीगणिक जीव वर-खाली होण्यात जी मजा आहे ती त्या रिबिनीत नाही. म्हणूनच की काय त्या वर्षी इंग्लंडभर मतदान झालं ३२ टक्के. तिनात एक. आणि आमच्या जिल्ह्यात २०२४ च्या विधानसभेला ७६ टक्के, करवीरमध्ये ८४ च्या वर, राज्यात एक नंबर. ईर्ष्या असली की मतदान होतं, हे कुणाला आवडो न आवडो.

खर्चाचं मात्र ऐकण्यासारखं आहे. तिथं कौन्सिलच्या निवडणुकीला डिपॉझिटच नसतं. अर्जावर त्या वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या, एक सूचक एक अनुमोदक, झालं. खर्चाची मर्यादा २०२३ ला ८०६ पौंड आणि वर मतदारामागं ७ पेनी, म्हणजे बारक्या वॉर्डात सगळा मिळून हजार पौंडाच्या आसपास, लाखभर रुपये धरा. हा आकडा कट्ट्यावर सांगितल्यावर जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती, कारण तेवढ्यात आपल्याकडं एका रात्रीचं जेवण पण निघत नाही, आणि हे मी कुणा एकाबद्दल बोलत नाही, सगळ्यांनाच माहीत आहे.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. आमच्या कोल्हापूर महापालिकेची मुदत संपली नोव्हेंबर २०२० ला. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, मग प्रभाग किती जणांचा हा घोळ, आणि शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आता घ्या म्हणून सांगितल्यावर १५ जानेवारी २०२६ ला मतदान. पाच वर्षांच्या वर प्रशासक. मिड सफोकवाले एक निवडणूक करून, पार्टी बदलून, नवीन लोकांना शिव्या द्यायला सुद्धा लागले होते आणि आमच्याकडं शिव्या द्यायला माणूसच नव्हता. अधिकारी वाईट होते असं म्हणत नाही, काही चांगले पण होते, पण अधिकाऱ्याची बदली होते, तो पडत नाही. नगरसेवक कसाही असो, रात्री अकराला त्याच्या दारात जाऊन पाणी का आलं नाही म्हणून विचारता येतं, कारण त्याला परत मत मागायला ह्याच गल्लीत यायचंय. ती भीती पाच वर्षं गायब होती.

म्हणून मी ताईला म्हणालो तुमचं बरं आहे, तुमच्यात वेळच्या वेळी होतं. तर ती म्हणाली, कुठलं बरं! आणि मग जे सांगितलं ते मला नवीनच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या लेबर सरकारनं योजना आणली की हा काऊंटी-डिस्ट्रिक्ट दोन मजली कारभारच मोडायचा आणि त्या जागी एकमजली मोठी कौन्सिलं करायची, २०२८ पर्यंत. १९७२ च्या कायद्यानं आणि १९७४ पासून चालू झालेली ही डिस्ट्रिक्ट कौन्सिलं सरसकट जाणार. आणि त्या गडबडीत मे २०२५ च्या काही ठिकाणच्या निवडणुका वर्षभर पुढं ढकलल्या, नऊ ठिकाणच्या, त्यात सफोक काऊंटीची पण. मामा एकदम खूश, म्हणजे तिथं पण मुदतवाढ!

कारण पण ओळखीचंच. खर्च वाचेल, कारभार एका छताखाली येईल, मोठं केल्याशिवाय निधी मिळत नाही. हे आम्ही हद्दवाढीच्या निमित्तानं किती वर्षं ऐकतोय. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून कोल्हापूरची हद्द एक इंच हललेली नाही, ६६.८२ चौरस किलोमीटर ते तेवढंच, शहरवाले म्हणतात वाढवा आणि भोवतालची गावं म्हणतात तुमचा घरफाळा नको आणि आमचा सरपंच आम्हाला बरा. मी शहरातला, इतकी वर्षं हद्दवाढीच्या बाजूनं बोलत आलोय आणि अजूनही बोलेन. पण तीन हजार माणसांमागं एक मेंबर असलेलं कौन्सिल मोडून मोठ्यात मिसळायचं म्हटल्यावर स्टोमार्केटच्या माणसानं काय म्हणायचं, हे ऐकताना मला हद्दीबाहेरच्या उचगावच्या मित्राचा चेहरा आठवत होता. तो हे वाचतोय, त्यामुळं जास्त लिहीत नाही.

ग्रीनवाल्यांचं मात्र काम झालं म्हणायचं. त्या डिस्ट्रिक्टच्या जिवावर पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ ला, मिड सफोकचा काही भाग ज्यात येतो त्या वेव्हनी व्हॅलीमधनं त्यांचा एड्रियन रॅमझी पार्लमेंटला निवडून आला. देशभरात चार खासदार आले त्यांचे, त्यातला हा एक. झेडपीतनं आमदारकी, आमदारकीतनं पुढं, हा रस्ता आपल्याला कुणी शिकवायला नको.

ताईला मागच्या वर्षी कायम राहायचा परवाना मिळालाय, त्यामुळं नियमानं ती स्वतः पण उभी राहू शकते, ब्रिटिश नागरिक न होता. मिड सफोकची चार वर्षं २०२७ ला भरतात, तोपर्यंत कौन्सिल राहिलं तर. हे तिनं सहज सांगितलं आणि चूक केली, कारण मामांनी लगेच तिच्या वॉर्डात मराठी घरं किती, गुजराती किती, केरळच्या नर्सा किती हे विचारायला घेतलं, दाजींना सूचक करायचं नाही शेजारच्या गोऱ्यालाच करायचं असं बजावलं, आणि फोन ठेवताना शेवटचं विचारलं, पॅनेल कुणाचं धरायचं ते आधी ठरव, चिन्हाचं आपण नंतर बघू.